तालीम

मुलांनो, 'तालीम' हा शब्द ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय येते? वर्ग, फळा, पुस्तके आणि शिकवणारे उस्ताद. होय ना? आता गंमत पाहा. समजा, तुम्ही कोल्हापूरला गेलात. तिथे एका आजोबांना तुम्ही अदबीने विचारले, "आजोबा, तुमची तालीम किती झाली?" आजोबा मिशीवर हात फिरवून म्हणतील, "अरे, रोज पहाटे पाचला तालमीत जायचो. पाचशे जोर आणि हजार बैठका!"

तुम्ही विचारले शिक्षणाविषयी आणि त्यांनी सांगितले कुस्तीविषयी. पण आजोबांचे काही चुकले नाही आणि तुमचेही चुकले नाही. शब्द एकच आहे. तो अरबीतून आला. उर्दूत त्याचा अर्थ शिक्षण असा राहिला. मराठीत मात्र जिथे कुस्ती शिकवतात त्या जागेला लोक तालीम म्हणू लागले. आपल्या विदर्भात या जागेला 'आखाडा' म्हणण्याची रीत जास्त आहे.

एवढेच नाही. कुस्तीच्या जगात तुम्ही शिरलात, तर तुम्हांला पावलोपावली ओळखीचे शब्द भेटतील. शिकवणारा तो वस्ताद, म्हणजे तुमचा उस्ताद. शिकणारा तो शागीर्द. कुस्ती खेळणारा तो पैलवान, म्हणजे तुमचा पहलवान. व्यायामाला म्हणतात मेहनत किंवा कसरत. खाण्यापिण्याला म्हणतात खुराक. दोन्ही हातांवर शरीर तोलून जो व्यायाम करतात त्याचे नावच जोर. कुस्तीच्या खड्ड्याला हौद किंवा हौदा म्हणतात. हौज तुम्हांला माहीत आहेच. डावपेच यातला पेच, मोठ्या सामन्यांची दंगल, कुस्ती सुरू होण्यापूर्वीची सलामी हेही शब्द तुम्ही ओळखता. एखाद्याला पाठीवर पाडले, की मराठीत म्हणतात, 'त्याला अस्मान दाखवले!' पाठीवर पडलेल्या माणसाला दुसरे काय दिसणार? आसमानच दिसणार. आणि 'कुस्ती' हा शब्द तरी कुठला? तोही फारसीच आहे.

या शब्दांच्या शेजारी आखाडा, मल्ल, दंड, बैठक, लंगोट, माती हे इथलेच शब्द बसले आहेत. कोणता शब्द कुठून आला, हे तालमीत कोणी विचारत नाही. तसेच कोणता पैलवान कोणत्या गल्लीतून आला, हेही तिथे विचारत नाहीत. कोल्हापुरात बाबूजमाल तालीम म्हणून एक जुनी तालीम आहे. मोहरम आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले, की तिथे पंजे आणि गणपती शेजारीशेजारी बसतात.

मग प्रश्न असा पडतो, की कुस्तीच्या जागेला 'शिक्षण' हे नाव का मिळाले? तिथे असे काय शिकवतात? चला, आपण आखाड्यात जाऊनच पाहू या.

यवतमाळ शहरात हनुमान आखाडा चौक आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तो पाहिला असेल. ज्या गावातल्या चौकाला आखाड्याचे नाव मिळते, त्या गावात आखाड्याला किती मान असेल, याचा विचार करा. पूर्वी मोठ्या गावांतून, कसब्यांतून असे आखाडे असत. पहाटे दिवा लागला, की मुले लंगोट घेऊन तिकडे निघत.

आखाड्यात सगळ्यांत आधी लागते ती माती. तुम्ही म्हणाल, मातीचे काय एवढे? माती तर सगळीकडेच आहे! पण आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा आहे. आपली माती काळी. ती कापसाला चांगली, पण कुस्तीला नाही. पाऊस पडला, की ती फुगते आणि पायाला चिकटते. उन्हाळा आला, की तिला भेगा पडतात आणि ढेकळे दगडासारखी कडक होतात. अशा ढेकळांवर पाठ आपटली तर काय होईल? म्हणून आखाड्यासाठी तांबडी माती आणतात. ती चाळून घेतात. तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस मिसळतात. काही ठिकाणी कडुलिंबाचा पालाही घालतात. तेलाने आणि ताकाने माती मऊ राहते. खरचटले, तर हळद उपयोगी पडते, असे जुने पैलवान सांगतात.

ही माती एकदा टाकली, की काम संपले असे होत नाही. रोज ती फावड्याने उकरावी लागते, सारखी करावी लागते. नाहीतर ती दबून घट्ट होते. हे काम कोण करतो? जो आखाड्यात नवा आला असेल, तो.

समजा, तुमच्याच वर्गातला एक मुलगा आखाड्यात आला. आदल्या दिवशी बसस्टँडवर एका दांडगट मुलाने त्याला ढकलले होते. सगळे हसले होते. त्याच्या मनात राग धुमसतो आहे. तो वस्तादांना म्हणतो,

"वस्ताद, मला एखादा जबरदस्त डाव शिकवा."

"कशाला रे बेटा?"

"एकाला पाडायचे आहे."

वस्ताद हसतात. कोपऱ्यातले फावडे दाखवतात आणि म्हणतात, "आधी माती उकर."

मुलगा माती उकरतो. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. त्याचे तळहात दुखतात, पाठ भरून येते. त्याला वाटते, वस्ताद आपल्याकडून फुकट काम करून घेत आहेत. पण आठ दिवसांनी त्याच्या लक्षात येते, की फावडे आता पहिल्याइतके जड लागत नाही. दंड, खांदे, कंबर, पाय यांना बळ येऊ लागले आहे. शिवाय आणखी एक गोष्ट झाली आहे. ज्या मातीवर त्याला उद्या पडायचे आहे, ती त्याने स्वतःच्या हाताने मऊ केली आहे. आणि ज्या मातीवर त्याचा जोडीदार पडणार आहे, तीही तीच. दुसऱ्याला लागू नये म्हणून आधी कष्ट करायचे, हा तालमीतला पहिला धडा. तो न बोलता शिकवला जातो.

मग सुरू होते मेहनत. जोर काढताना दोन्ही तळहात आणि पायांचे चवडे जमिनीवर टेकवायचे. कंबर वर उचलायची. मग छाती जमिनीजवळून पुढे न्यायची आणि मान वर करायची. पुन्हा मागे यायचे. एका जोरात दंड, खांदे, छाती आणि पाठ या सगळ्यांना ताण बसतो. बैठकांनी मांड्या आणि पोटऱ्या मजबूत होतात, दम वाढतो. पहिल्या दिवशी दहा जोर काढले, तरी पुरे. चांगला वस्ताद एकदम शंभर जोर काढायला सांगत नाही. तो म्हणतो, "आज दहा, पुढच्या आठवड्यात बारा. पण एकही दिवस चुकवायचा नाही." शरीर सावकाश घडते. घाई केली, तर ते मोडते.

याशिवाय आखाड्यात जोडी फिरवतात. जोडी म्हणजे लाकडी मुद्गलांची जोडी. दोन हातांत दोन मुद्गल घेऊन ते खांद्यांवरून मागे-पुढे फिरवायचे. काही ठिकाणी दगडी गोळे, काही ठिकाणी जाड दोर असतो. दोर हाताने चढायचा, पायांची मदत घ्यायची नाही. यांपैकी एकाही साधनाला वीज लागत नाही आणि फारसा पैसाही लागत नाही. म्हणूनच गरीब घरातला मुलगाही पैलवान होऊ शकत असे.

शरीर तयार झाले, की डाव शिकवतात. डावांची नावे ऐकाल, तर तुम्हांला मजा वाटेल. धोबी कपडा कसा खांद्यावरून नेऊन दगडावर आपटतो? तसेच प्रतिस्पर्ध्याचा हात पकडून त्याला आपल्या खांद्यावरून, पाठीवरून पुढे फेकायचे. हा धोबीपछाड. जळाऊ लाकडांची मोळी बांधतात, तशी प्रतिस्पर्ध्याची मान आणि पाय एकत्र आवळून त्याला गुंडाळायचे. ही मोळी. खाली वाकून त्याचा एक पाय पकडला, तर एकेरी पट. दोन्ही पाय पकडले, तर दुहेरी पट. ढाक, कलाजंग, घिस्सा असे आणखी कितीतरी डाव आहेत. धोबी, मोळीविक्या ही रोजच्या कष्टाची माणसे. त्यांच्या कामातून कुस्तीला नावे मिळाली आहेत.

प्रत्येक डावाला तोड असते. तोड म्हणजे डावातून सुटण्याची युक्ती. वस्ताद डाव शिकवतात तेव्हाच त्याची तोडही शिकवतात. त्यामुळे शागिर्दाला कळते, की आपला कोणताही डाव अजिंक्य नाही. आपण ज्या डावावर खूश आहोत, तो डाव तोडणारा कोणीतरी असतोच. हा दुसरा धडा. ज्याला तो कळला, त्याला गर्व चढत नाही.

आता कुस्तीचा नियम पाहा. मातीतल्या निकाली कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावली, दोन्ही खांदे टेकवले, की तो चीत झाला. कुस्ती तिथेच संपली. चीत झालेल्या माणसाला पुढे हात लावायचा नाही. ठोसा मारायचा नाही, डोळ्यांत बोट घालायचे नाही, बोटे पिरगाळायची नाहीत, गळा दाबायचा नाही. कुस्ती सुरू होण्यापूर्वी दोघेही माती उचलून कपाळाला लावतात, एकमेकांना सलामी देतात. कुस्ती संपल्यावर जिंकणारा हरणाऱ्याला हात देऊन उठवतो. भांडणात आणि कुस्तीत फरक हाच. भांडणाला नियम नसतात आणि शेवटही नसतो. कुस्तीला दोन्ही असतात.

मुलांनो, तालमीत फक्त कुस्तीच असते असे समजू नका. महाराष्ट्रात मल्लखांब फार जुना आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर राजाने 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात मल्लांच्या सरावाचे वर्णन आहे. पुढे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला पुन्हा नवे रूप दिले. मल्लखांब म्हणजे जमिनीत पुरलेला गुळगुळीत लाकडी खांब. तो खाली जाड आणि वर निमुळता असतो. त्याला एरंडेल तेल लावतात. तो शिसवी किंवा सागवानी लाकडाचा करतात. आपल्या जिल्ह्यातले सागाचे जंगल तर तुम्हांला माहीतच आहे! या खांबाला पैलवान समजून त्याच्याशी झटायचे, त्याला हातापायांच्या आढ्या घालायच्या, त्यावर उलटे व्हायचे, तोल सांभाळायचा. खांब कधी थकत नाही आणि कधी दयाही दाखवत नाही. तुमची पकड सुटली, की तुम्ही खाली. दोरावरचा मल्लखांबही असतो. तो मुली फार सुरेख करतात.

त्यानंतर येतात मर्दानी खेळ. लाठी, पट्टा, फरीगदका, बनेटी. पट्टा म्हणजे लांब, लवचीक, दुधारी पाते. त्याच्या मुठीवर लोखंडी आवरण असते आणि हात कोपरापर्यंत त्यात झाकला जातो. यालाच दांडपट्टा म्हणतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. फरीगदक्यात एका हातात ढाल म्हणजे फरी आणि दुसऱ्या हातात चामड्याने मढवलेली काठी म्हणजे गदका असतो. खऱ्या तलवारीऐवजी गदका का? कारण हा सराव आहे. सरावात जोडीदाराला जखम होता कामा नये. मोहरमच्या आणि गणपतीच्या मिरवणुकीत लाठीचे आणि पट्ट्याचे हात तुम्ही पाहिले असतील. लाठी इतक्या वेगाने फिरते, की ती दिसेनाशी होते आणि फक्त तिचा आवाज ऐकू येतो. पण नीट पाहा. फिरवणाऱ्याचे डोळे लाठीवर नसतात. ते आजूबाजूच्या माणसांवर असतात. कोणाला लागू नये, याची काळजी तो सतत घेत असतो.

आणि लेझीम? लेझीम तर तुम्ही शाळेतच खेळत असाल. लेझीम म्हणजे मूळची साखळी लावलेली कमान. धनुष्य ओढण्याचा सराव करण्यासाठी ती वापरत. हाही शब्द फारसीतून आला. व्यायामाचे साधन होते, त्याचा ढोलाच्या तालावरचा खेळ झाला.

हे सगळे देशी व्यायाम एकाच ठिकाणी शिकवावेत, या विचाराने आपल्या शेजारी एक मोठी संस्था उभी राहिली. यवतमाळहून सुमारे ९० किलोमीटरवर अमरावती आहे. तिथे १९१४ मध्ये अंबादासपंत आणि अनंत वैद्य या दोन भावांनी एक आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये जर्मनीत बर्लिन येथे ऑलिंपिक भरले. त्या वेळी या मंडळाचे खेळाडू समुद्रमार्गे तिथे गेले. त्यांनी कबड्डी, मल्लखांब आणि इतर देशी व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवली. वऱ्हाडातल्या एका आखाड्यातली मुले बर्लिनला पोहोचली! आज या संस्थेत शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. खेळांचे शिक्षक तिथे तयार होतात. म्हणजे पाहा, आखाड्याची खरोखरच शाळा झाली.

ऑलिंपिकचे नाव निघाले, म्हणून खाशाबा जाधव यांची गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वर गावचे. उंचीने लहान, पण अतिशय चपळ. मातीत वाढलेला हा पैलवान १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेला. तिथे माती नव्हती, गादी होती. नियमही वेगळे होते. मातीत पाय रुततो, गादीवर तो सरकतो. मातीत कुस्ती बराच वेळ चालू शकते, गादीवर घड्याळ लावलेले असते आणि गुण मोजले जातात. खाशाबा सहावे आले. कोणी दुसरा असता, तर म्हणाला असता, "आमच्या मातीत या, मग दाखवतो!" खाशाबांनी तसे म्हटले नाही. चार वर्षे त्यांनी नव्या पद्धतीची तयारी केली.

१९५२ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकीला जायचे होते, पण पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. खाशाबांनी हेलसिंकीत कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खाशाबा मातीत शिकले आणि गादीवर जिंकले. जे येते ते धरून बसायचे नाही, जे येत नाही ते शिकायचे. हा तिसरा धडा.

आता थोडे भारताबाहेर जाऊ या. आजकाल शहरांत कराटे, ज्युडो, तायक्वांदो यांचे वर्ग असतात. तुमच्यापैकी कोणी पांढरा पोशाख घालून तिथे जातही असेल. जपानमध्ये १८८२ साली जिगोरो कानो नावाच्या शिक्षकांनी ज्युडोची शाळा काढली. 'ज्यु' म्हणजे मऊपणा, नमते घेणे. 'डो' म्हणजे मार्ग. समोरचा जोराने ढकलतो आहे ना? मग त्याला उलट ढकलू नका. थोडे मागे व्हा. त्याचा तोल पुढे जाईल आणि त्याच्याच जोराने तो पडेल. ज्युडोच्या नव्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच काय शिकवतात, माहीत आहे? पाडायला नव्हे, पडायला! डोके कसे सांभाळायचे, हाताने जमिनीवर थाप देऊन मार कसा कमी करायचा, हे आधी शिकावे लागते. कराटेचा उगम ओकिनावा बेटावर झाला. कराटे या शब्दाचा अर्थ 'रिकामा हात' असा होतो. जपानी मुले सरावाच्या जागेत शिरताना आणि बाहेर पडताना वाकून नमस्कार करतात. आपला पैलवान माती कपाळाला लावतो. देश वेगळे, भाषा वेगळ्या, पण आदराची रीत एकच.

इराणमध्ये तर आपल्या तालमीची सख्खी बहीण आहे. तिचे नाव जोरखाना, म्हणजे जोराचे घर. तिथेही मध्यभागी एक खड्डा असतो. तिथेही लाकडी मुद्गल फिरवतात, त्यांना 'मील' म्हणतात. तिथे साखळीची लोखंडी कमान असते, ती तर आपल्या लेझमेची आठवण करून देते. एक माणूस उंचावर बसून ढोल वाजवतो, कविता गातो आणि त्या तालावर सगळे व्यायाम करतात. २०१० मध्ये युनेस्कोने या परंपरेला जगाचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

जोरखान्यात पूर्या-ए-वली या पैलवानाची एक आख्यायिका सांगतात. तो फार मोठा पैलवान होता. त्याला कोणीच हरवू शकत नसे. एकदा त्याची कुस्ती एका तरुण पैलवानाशी ठरली. कुस्तीच्या आदल्या दिवशी त्याने एका म्हातारीला रडत दुआ मागताना ऐकले. ती त्या तरुणाची आई होती. आपल्या मुलाची लाज राहू दे, अशी ती दुआ मागत होती. दुसऱ्या दिवशी हौदात उतरल्यावर पूर्याला कळले, की हा मुलगा आपल्यापुढे टिकणार नाही. त्याने मनाशी काही ठरवले आणि तो स्वतः चीत झाला. लोक ओरडले, हसले. पण इराणमधले पैलवान आजही त्याचेच नाव आदराने घेतात. जिंकणाऱ्या तरुणाचे नाव कोणाच्या लक्षात राहिले नाही. ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. तरीही शतकानुशतके पैलवान ती आपल्या शागिर्दांना सांगत आले, यातच तिचे महत्त्व आहे.

मुलींनो, तुम्ही म्हणाल, हे सगळे मुलांसाठीच आहे का? पूर्वी आखाड्यात मुलींना जागा नव्हती, हे खरे आहे. आता तसे राहिलेले नाही. २००४ मध्ये अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये महिलांच्या कुस्तीचा समावेश झाला. २०१६ मध्ये रिओ येथे साक्षी मलिक हिने कुस्तीत कांस्यपदक मिळवले. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला तेलंगण राज्य लागते. तिथल्या निजामाबादची निखत जरीन ही मुलगी वडिलांचे बोट धरून मैदानावर गेली. मुलीने कशाला मुष्टियुद्ध शिकायचे, असे लोक म्हणत. वडिलांनी लोकांचे ऐकले नाही, मुलीचे ऐकले. निखत २०२२ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये जगज्जेती झाली. मर्दानी खेळ हे नाव जुने आहे. हिंमत मात्र मुलगा किंवा मुलगी पाहून येत नाही.

आता एक काळजीची गोष्ट सांगायला हवी. आज पुष्कळ मुलांना लवकर शरीर कमवायचे असते. पडद्यावरच्या नटासारखे दंड महिन्याभरात हवे असतात. मग कोणीतरी त्यांना इंजेक्शन सुचवतो, कोणी गोळ्या देतो. अशा औषधांनी स्नायू फुगतात, पण हृदय, यकृत आणि मूत्रपिंड यांना कायमची इजा होऊ शकते. वाढत्या वयातल्या मुलांना तर धोका अधिक. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे काहीही घ्यायचे नाही. आपल्या पैलवानांचा खुराक साधा असे. दूध, तूप, बदाम, डाळ, भाकरी, फळे. ज्याला बदाम परवडत नसत, तो भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे खाई. आणि पडद्यावर पाहिलेला डाव मित्रावर करून पाहायचा नाही. मऊ मातीवर धोबीपछाड बसला, तर माणूस हसत उठतो. तोच डाव शाळेच्या फरशीवर किंवा सिमेंटच्या रस्त्यावर बसला, तर मान मोडू शकते. मान मोडली, तर माणूस आयुष्यभर अंथरुणाला खिळतो किंवा जीवही जातो. म्हणून डाव शिकायचा तो वस्तादांच्या डोळ्यांसमोरच.

आता आपल्या त्या मुलाकडे परत जाऊ या. त्याला आखाड्यात येऊन सहा महिने झाले. या सहा महिन्यांत तो शेकडो वेळा पडला. त्याने काही वेळा दुसऱ्यांना पाडले. एकदा त्याचा जोडीदार वाकडा पडला आणि मान धरून विव्हळत बसला. थोड्या वेळाने तो बरा झाला. पण तेवढ्या वेळात आपल्या मुलाचे काळीज थांबल्यासारखे झाले होते. माणसाचे शरीर किती मजबूत आहे, हे त्याने पाहिले होते. ते किती नाजूक आहे, हे त्याला त्या दिवशी कळले.

एका संध्याकाळी बसस्टँडवर तोच दांडगट मुलगा पुन्हा भेटला. त्याने पुन्हा खांद्याला धक्का मारला. आपला मुलगा या वेळी पडला नाही. त्याचे पाय आपोआप घट्ट रोवले गेले. त्याने समोरच्याकडे पाहिले. समोरच्याचा उजवा पाय पुढे होता, तोल गेलेला होता. एकेरी पट सहज बसला असता. खाली मात्र माती नव्हती, सिमेंट होते. मुलाने पिशवी खांद्यावर नीट केली आणि तो बसमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने ही गोष्ट वस्तादांना सांगितली. मग खाली मान घालून विचारले, "वस्ताद, मी घाबरलो असे तर नाही ना झाले?"

वस्ताद म्हणाले, "तुला त्याला पाडता आले असते का?"

"हो."

"मग तू घाबरला नाहीस. ज्याला पाडता येत नाही, तो गप्प बसला तर त्याला आपण नाइलाज म्हणतो. ज्याला पाडता येते, तो गप्प बसला तर त्याला म्हणतात तालीम. पण एक लक्षात ठेव. तो रोजच त्रास देत असेल, तर घरी सांग, गुरुजींना सांग. मदत मागण्यात कमीपणा नाही. चल, आता फावडे घे. आज एक नवा मुलगा आला आहे, त्याला माती कशी उकरायची ते दाखव."

मुलांनो, आता तुम्हांला कळले असेल, की कुस्तीच्या जागेला तालीम हे नाव का शोभते. शाळेत आपण अक्षरे शिकतो. ती अक्षरे वापरून चांगलेही लिहिता येते आणि वाईटही लिहिता येते. तालमीत आपण बळ कमावतो. त्याचेही तसेच आहे. ते कुठे वापरायचे आणि कुठे आवरायचे, हे ज्याला समजले, त्याचीच तालीम पूर्ण झाली. मग ती तालीम फळ्यासमोरची असो, नाहीतर तांबड्या मातीतली.